मॅग्नेशियम एकच, ताकदीच्या वाटा दोन: ५०८३ आणि ६०६१

५०८३ आणि ६०६१ या ॲल्युमिनियमच्या दोन मिश्रधातूंच्या प्लेटा शेजारी ठेवल्या, तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. वजन जवळजवळ सारखं, दोन्हींत मॅग्नेशियम, दोन्हींना वेल्डिंग चालतं. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी सहज खपून जाते. पण दोघींना ताकद मिळते ती अगदी वेगळ्या मार्गाने.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, कारण त्याच्या स्फटिकातले डिस्लोकेशन, म्हणजे अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष, थोड्याशा जोरानेही सरकतात. त्यांची वाट अडवली की धातू मजबूत झाला.

५०८३ मध्ये ४ ते ४.९ टक्के मॅग्नेशियम असतं. त्याचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा सुमारे १२ टक्के मोठा. तो विरघळलेल्या अवस्थेतच राहतो आणि भोवतालची रचना ताणून धरतो. आणखी ताकद हवी असेल तर प्लेट गार अवस्थेत रोल करायची. तापवून ती कडक होत नाही. टेम्परच्या, म्हणजे धातू कोणत्या प्रक्रियेने कडक केला त्याच्या, खुणेतलं 'एच' हे अक्षर तेच सांगतं.

६०६१ मध्ये मॅग्नेशियम जेमतेम १ टक्का, जोडीला ०.४ ते ०.८ टक्के सिलिकॉन आणि थोडं तांबं. तरीही टी६ या उष्णतेने कडक केलेल्या टेम्परमध्ये तिचा यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, सुमारे २७५ मेगापास्कल, तर मऊ केलेल्या अवस्थेत फक्त ५५ च्या आसपास! ही किमया उष्णतेची. साधारण ५३० अंश सेल्सिअसला तापवून सगळं विरघळवायचं, पाण्यात झटकन गार करायचं आणि मग १६० ते १७५ अंशांवर कित्येक तास ठेवायचं. त्या तासांत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन एकत्र येऊन नॅनोमीटर मापाचे सुईसारखे कण बनतात. डिस्लोकेशन अडतात ते या कणांपाशी. असं काळ जाईल तसं कडक होणं धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये जर्मनीत ॲल्युमिनियम-तांबं-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत आढळलं. त्यामागचे सूक्ष्म अणुसमूह क्ष-किरणांनी उलगडायला मात्र १९३८ साल उजाडलं. गिनिए आणि प्रेस्टन या संशोधकांनी ते स्वतंत्रपणे दाखवले. इतकी वर्षं उद्योग ही प्रक्रिया ते समूह प्रत्यक्ष न पाहताच वापरत होता, हे मला फार विलक्षण वाटतं.

खरा फरक उघडा पडतो वेल्डिंगला. ६०६१-टी६ वेल्ड केली की सांध्याजवळचे कण उष्णतेने फुगून जाड होतात किंवा पुन्हा विरघळतात. तन्यताबल, म्हणजे ओढल्यावर तुटेपर्यंत पेलणारा ताण, ३१० वरून साधारण १६५ मेगापास्कलपर्यंत उतरतं. म्हणजे मूळ प्लेटच्या आकड्यावर डिझाइन केलं तर सांधाच आधी जाईल. ५०८३ मध्ये उष्णतेने फक्त रोलिंगची कमाई जाते, विरघळलेलं मॅग्नेशियम जागेवर राहतं. पूर्ण मऊ झाली तरी यील्ड १४५ च्या आसपास टिकतो. समुद्राच्या पाण्यातही ती चांगली तग धरते, म्हणून जहाजांच्या सांगाड्याला माझी पसंती निःसंशय ५०८३ ला.

तिची दुखरी बाजू मात्र लक्षात ठेवायला हवी. ६५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिली, तर जास्तीचं मॅग्नेशियम धातूतल्या स्फटिकांच्या सीमांवर कणांच्या रूपात वेगळं होऊन साचतं आणि तिथून गंज व भेगा आत शिरतात. ६०६१ ला ज्या कणांनी ताकद दिली, त्याच जातीची घटना इथे घात करते. इंजिनाजवळच्या गरम भागाला ती नको.

६०६१ चा गेलेला जोर परत आणता येतो. सायकलींच्या अनेक फ्रेम वेल्ड झाल्यावर अख्ख्याच भट्टीत घालून टी६ ला आणतात. पण फ्रेम भट्टीत मावते, जहाज मावत नाही.