लांब उडी (पुरुष), जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा

जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धांतील पुरुषांची लांब उडी ही १९५९ साली इटलीतील तुरीन शहरात 'युनिव्हर्सिएड' या नावाने भरलेल्या पहिल्या स्पर्धेपासून चालत आलेली मैदानी स्पर्धा होय. १९४९ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघ या क्रीडा स्पर्धा साधारणपणे दर दोन वर्षांनी भरवतो. खेळाडू उच्च शिक्षण घेणारा किंवा नुकताच पदवी मिळवलेला असावा लागतो. वयाची वरची मर्यादा पूर्वी २८ वर्षे होती, ती आता २५ आहे. लांब उडीला ही मर्यादा फारशी जाचत नाही. अमेरिकेच्या जेसी ओवेन्सने १९३५ साली ॲन आर्बर येथे ८.१३ मीटरचा विश्वविक्रम केला तो विद्यापीठांच्याच स्पर्धेत, आणि मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ८.९० मीटर उडी मारणारा बॉब बीमन तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता.

उडीचे नाव 'लांब' असले तरी तिचा निकाल बहुतांशी उडी घेण्याच्या २० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर लागतो. किमान ४० मीटर लांबीच्या धावमार्गावरून खेळाडू पूर्ण वेगाने येतो, शेवटून दुसरे पाऊल किंचित लांब टाकून शरीर थोडे खाली घेतो, अखेरचे पाऊल आखूड ठेवतो आणि सुमारे २० अंशांच्या कोनात उसळतो. पावलाचा कोणताही भाग फळीच्या वाळूच्या खड्ड्याकडील कडेपुढे गेला, तर पंच लाल निशाण उचलतो आणि उडी बाद होते. पूर्वी फळीपुढच्या प्लॅस्टिसिनवर (मऊ, मातीसारख्या पदार्थावर) ठसा उमटला की फाउल धरत. २०२१ च्या अखेरीपासून त्या कडेवरच्या काल्पनिक उभ्या प्रतलाचा निकष लावला जातो. मोजमाप मात्र नेहमी फळीच्या त्या कडेपासूनच होते. खेळाडूने फळीच्या दहा सेंटिमीटर अलीकडून उडी घेतली, तर तेवढे अंतर त्याच्या हातचे जाते. मोजणी वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत होते, मग ती खूण टाचेची असो वा मागे टेकलेल्या हाताची. ही खूण स्पष्ट उमटावी म्हणून खड्ड्यातील वाळू मऊ आणि ओलसर ठेवतात व प्रत्येक उडीनंतर सपाट करतात.

अंतिम फेरीत प्रत्येकाला तीन संधी मिळतात आणि त्यांतील पहिल्या आठ जणांना आणखी तीन. दोघांची सर्वोत्तम उडी सारखी असल्यास दुसऱ्या क्रमांकाची उडी पाहतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केरळच्या मुरली श्रीशंकरने ८.०८ मीटर उडी मारली, बहामाच्या लाक्वान नेर्ननेही तेवढीच मारली, आणि दुसरी उडी सरस ठरल्याने सुवर्णपदक नेर्नला मिळाले. म्हणूनच आघाडी मिळाल्यावरही उरलेल्या संधी जपून वापराव्या लागतात. नवख्या खेळाडूंच्या हे पुरेसे लक्षात येत नाही.

वाऱ्याचा हिशेब वेगळाच असतो. खेळाडू फळीपासून ४० मीटरवरची खूण ओलांडतो त्या क्षणापासून पाच सेकंद वारा मोजतात. पाठीवरचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक असेल, तर उडी स्पर्धेसाठी ग्राह्य राहते, पण विक्रम म्हणून नोंदली जात नाही. गोव्यात ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. बांबोळीच्या पठारावरील ॲथलेटिक्स स्टेडियम जुवारी नदीच्या मुखापासून जवळ असून दुपारनंतर तिथे समुद्रावरचा वारा सुटतो. वारा पाठीवर असला की पावले लांब पडतात आणि खेळाडू धावेची सुरुवात मागे सरकवतो. समोरून आला की पुढे आणतो. सरावात धावमार्गाच्या कडेला चिकटपट्टीची खूण लावून मुले ती दर दोन-तीन उड्यांनी वीतभर इकडेतिकडे हलवताना दिसतात. हा सराव वेळखाऊ वाटतो, पण फाउल टाळण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

याच मैदानाने २०१४ च्या जानेवारीत पोर्तुगीजभाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धेतील आणि २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील मैदानी खेळ पाहिले. गोव्यातील विद्यार्थ्याला जागतिक विद्यापीठ स्पर्धेपर्यंत नेणारी वाट मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून सुरू होते. तिथून १९८५ साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाच्या संघात आणि मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जावे लागते. आंतरराष्ट्रीय महासंघात भारताचे प्रतिनिधित्व भारतीय विद्यापीठ संघ ही विद्यापीठांची संघटना करते. २०२३ मध्ये चीनमधील चेंगडू येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत भारतीय विद्यार्थ्यांनी ११ सुवर्णांसह एकूण २६ पदके मिळवली. त्याच वर्षी तमिळनाडूच्या जेस्विन ऑल्ड्रिनने बेळ्ळारीजवळ ८.४२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. तेव्हा तो २१ वर्षांचा, म्हणजे विद्यापीठ स्पर्धेच्या वयातलाच होता.