आयुष्मान कार्ड आणि आयुष्मान आरोग्य मंदिर: नाव एक, पैशाच्या वाटा दोन

घरातल्या सगळ्यांची आयुष्मान कार्डे निघाली म्हणजे दवाखान्याची सोय झाली, असा समज सर्रास आढळतो. मग कोणी ते कार्ड घेऊन तापाच्या तपासणीसाठी किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी खासगी रुग्णालयात जाते आणि कार्ड त्यासाठी चालत नाही असे ऐकून परत येते. यात रुग्णालयाची लबाडी असतेच असे नाही. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च या कार्डात मुळात धरलेलाच नाही. त्यासाठी ज्या जागी जायला हवे, तिच्या पाटीवरही ‘आयुष्मान’ असेच लिहिलेले असते, आणि घोळ तिथेच होतो.

२०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘आयुष्मान भारत’चे आरंभापासूनच दोन भाग होते. देशभरातील दीड लाख उपकेंद्रांचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा दर्जा वाढवायचा, हा पहिला भाग. त्यातील पहिल्या केंद्राचे उद्घाटन १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यात जांगला येथे झाले. महाराष्ट्रात या केंद्रांना आरोग्यवर्धिनी म्हणत, आणि २०२३ मध्ये त्यांचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर असे बदलले. दुसरा भाग म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, जी २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे सुरू झाली. कार्ड मिळते ते या योजनेचे.

कार्डाचा पैसा रुग्णामागे जातो. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते, पण ते रुग्ण दाखल झाल्यावरच लागू होते. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस त्यात धरले जातात, आणि प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असल्याने रुग्णालय त्या दराने दावा दाखल करते. ते रुग्णालय सरकारी असो वा खासगी, दावा आला नाही तर पैसा हलत नाही. महाराष्ट्रात ही योजना २०२० पासून राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून राबवली जाते. केंद्राच्या यादीतील कुटुंबांसाठी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के भार उचलते. राज्याने स्वतःहून सामावून घेतलेल्या कुटुंबांचा खर्च मात्र राज्याच्याच तिजोरीतून होतो.

आरोग्य मंदिराचा पैसा जागेवर बसतो. तो प्रामुख्याने राष्ट्रीय आरोग्य अभियान आणि राज्याचा अर्थसंकल्प यांतून येतो, आणि इमारत, औषधे, तपासणी साहित्य, वेतन व मानधन यांवर खर्च होतो. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तसेच अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. दिवसभरात पाच रुग्ण आले किंवा पन्नास आले तरी हा खर्च करावाच लागतो, कारण येथे सरकार उपचार नव्हे, तर सज्जता विकत घेत असते. हिशेब तपासणाऱ्याला असा खर्च वाया गेल्यासारखा वाटू शकतो, पण माझ्या मते या व्यवस्थेचा सगळा अर्थ त्या सज्जतेतच आहे.

डॉक्टर मिळण्याच्या प्रश्नावर तर हा फरक फारच स्पष्ट होतो. उपकेंद्रात बसतो तो समुदाय आरोग्य अधिकारी. तो बहुधा आयुर्वेद पदवीधर किंवा परिचारिका शाखेचा पदवीधर असतो, आणि गरज पडल्यास ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेद्वारे दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो. एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी असतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि ते पद रिकामे राहिले की बाकीची रचना कागदावर उरते. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र असते, ते मोडल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. तरीही बंधपत्राने आलेला डॉक्टर वर्ष संपताच पदव्युत्तर शिक्षणाकडे वळणार हे उघड आहे. तो टिकायचा तर निवासस्थान, वेळेवर वेतन आणि कायम पद यांवर राज्याला खर्च करावा लागेल. कार्डांची संख्या दुप्पट झाली तरी त्या रिकाम्या खुर्चीत कोणी येऊन बसणार नाही, कारण कार्डाचा पैसा मुख्यतः जिथे खाटा आणि शस्त्रक्रियागृह आहे तिथेच, म्हणजे बव्हंशी शहराकडे, वाहतो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील तरतुदीचा दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा प्राथमिक सेवेला द्यावा असे सांगितले होते. सरकारांना मात्र कार्ड अधिक सोयीचे वाटते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे: किती रुग्ण, किती शस्त्रक्रिया, किती कोटी, हे सभेत सांगता येते. वेळेवर गोळी मिळाल्यामुळे ज्याला पक्षाघात झालाच नाही, त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर दोन्हींची गरज पडते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, जन आरोग्य योजनेत घेतले जाते, आणि त्यासाठी वय वंदना कार्ड काढावे लागते. हृदयविकाराने दाखल व्हावे लागले तर ते कार्ड उपयोगी पडेल. रक्तदाब आणि मधुमेहाची नियमित तपासणी व गोळ्या मात्र जवळच्या आरोग्य मंदिरातून मोफत घ्यायच्या असतात, आणि त्यासाठी हे कार्ड दाखवावे लागत नाही.