डिओरचं स्केच आणि ग्रुओचं चित्र, दोन्ही एक नाही हो

१९५० च्या आसपासच्या पॅरिसची ती चार काळ्या फटकाऱ्यांत उभी केलेली बाई, बारीक कंबर, मोठी हॅट, असं चित्र नेटवर फिरत असतं आणि खाली बिनधास्त लिहिलेलं असतं 'डिओरचं ओरिजिनल स्केच'. बऱ्याचदा ते फॅशन डिझायनर डिओरचं नसतंच, मासिकं-जाहिरातींसाठी फॅशनची चित्रं काढणाऱ्या रेने ग्रुओचं असतं.

डिझायनरचं स्केच ड्रेसच्या आधी येतं. क्रिस्तियान डिओर कलेक्शनच्या आधी असे ढीगभर कागद काढायचा, छोटे, घाईतले, चेहऱ्याच्या जागी नुसता गोल असला तरी चालायचं. ते कागद वर्कशॉपच्या मुख्य शिवणकारणींकडे जायचे, त्या आधी साध्या सुती कापडात नमुना शिवायच्या, तो पटला की मग खरं कापड कापायला घ्यायचं. नंतर स्टुडिओत नीटनेटका कागद बनायचा, त्यावर ड्रेसचं नाव आणि कापडाचा तुकडा टाचणीने लावलेला. थोडक्यात कामाचा कागद, भिंतीवर लावायला नव्हेच.

इलस्ट्रेशनचं उलटं, ते ड्रेस तयार झाल्यावर, मासिकासाठी किंवा जाहिरातीसाठी काढलेलं. डिओरने १२ फेब्रुवारी १९४७ ला दाखवलेला 'बार' सूट घ्या, क्रीम रंगाचं सिल्कचं जॅकेट, खाली काळा प्लीट्सचा लोकरी स्कर्ट. जॅकेटला नितंबांवर आतून पॅडिंग आहे म्हणून कंबर एवढी बारीक दिसते, पण ब्रशच्या चित्रात ती आपोआपच बारीक, शिवण कुठे, बटणं किती, सगळं गायब! चित्रकाराचं ते कामच नाही, त्याने बघणाऱ्याला भुरळ पाडायची. ग्रुओने १९४७ मध्येच 'मिस डिओर' परफ्यूमसाठी जे काढलं त्यात तर ड्रेसच नाही, बाईपण नाही, एक हंस, गळ्यात मोत्यांची माळ आणि काळा बो, बस्स. माझ्या मते त्या काळातली ती सगळ्यात हुशार जाहिरात.

ओळखायचं कसं? कापडाचा तुकडा किंवा टाचणीची भोकं दिसली तर बहुतेक कामाचा कागद, आणि कोपऱ्यात चांदणीवाला 'जी' असला तर ग्रुओ.

आता गंमत अशी की डिओर स्वतः १९३० च्या दशकात फॅशन हाऊसेसना स्केचेस विकून पोट भरायचा आणि 'ल फिगारो' या फ्रेंच वर्तमानपत्रासाठी फॅशनची चित्रंही काढायचा, त्यामुळे डिओरच्या हातचं इलस्ट्रेशन नसतंच असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.