ऑनर कोड आणि टायटल नाइन: एका विद्यापीठातल्या दोन चौकश्या

अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरात ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे, मॉर्मन चर्चच्या मालकीचं. तिथं शिकायचं तर ऑनर कोड मान्य करावा लागतो. दारू, तंबाखू, चहा-कॉफी वर्ज्य. लग्नाबाहेर शरीरसंबंध नाहीत. पुरुषांनी दाढी वाढवायची नाही. मुलामुलींनी एकमेकांच्या खोल्यांवर ठरलेल्या वेळेनंतर थांबायचं नाही. कोणी नियम मोडल्याची तक्रार आली की ऑनर कोड ऑफिस चौकशी करतं.

त्याच विद्यापीठात टायटल नाइन ऑफिसही आहे. लैंगिक छळ किंवा अत्याचाराची तक्रार तिथं करायची. आपल्या कॉलेजात शिस्तपालन समिती वेगळी आणि अंतर्गत तक्रार समिती वेगळी, साधारण तसंच. पण प्रोव्होत या दोन चौकश्या एकमेकींत मिसळल्या आणि त्याची किंमत विद्यार्थिनींनी मोजली.

ऑनर कोड ऑफिसचा प्रश्न एकच: तू दिलेला शब्द पाळलास का? विद्यार्थी समोर आणि विद्यापीठ पलीकडे, असा तो मामला. रूममेटपासून प्राध्यापकापर्यंत कोणीही कळवू शकतं. ताकिदीपासून निलंबन किंवा हकालपट्टीपर्यंत काहीही होऊ शकतं. आपल्यावर नेमका आरोप काय हेही आधी कळत नाही, असं विद्यार्थी सांगत. एप्रिल 2019 मध्ये त्यांनी आवारातच निदर्शनं केली, तेव्हा पद्धत बदलली. आता भेटीच्या सुरुवातीलाच आरोप सांगतात, सोबत एक माणूस नेता येतो आणि सुरक्षेचा प्रश्न नसेल तर निनावी तक्रार घेत नाहीत. हे आधीच व्हायला हवं होतं.

टायटल नाइनचं मूळ चर्चमध्ये नाही, 1972 च्या केंद्रीय कायद्यात आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव होता कामा नये, असं तो सांगतो. धार्मिक संस्थांना श्रद्धेच्या मुद्द्यांवर त्यातून सूट मिळते, पण अत्याचाराच्या तक्रारीकडे डोळेझाक करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. इथं दोन बाजू असतात, तक्रारदार आणि ज्याच्यावर आरोप आहे तो. 2020 च्या नियमांनुसार दोघांनाही लेखी सूचना मिळते, पुरावे पाहायला 10 दिवस मिळतात, सल्लागार घेता येतो. सुनावणीत उलटतपासणी होते, पण ती सल्लागारामार्फत. आरोपीनं पीडितेला समोरासमोर प्रश्न विचारायचे नाहीत. निकाल देणारी व्यक्ती तपास करणाऱ्यापेक्षा वेगळी असते. शिवाय रीतसर तक्रार न करताही वर्ग किंवा राहण्याची जागा बदलून मागता येते.

आता घोटाळा कुठं झाला ते बघा. एखादी मुलगी रात्री उशिरा मुलाच्या खोलीवर गेली, थोडी प्यायली आणि तिच्यावर अत्याचार झाला. ती टायटल नाइनकडे गेली, तर अत्याचार सांगताना आपण नियम मोडल्याचंही तिला सांगावं लागणार. 2016 मध्ये अशा विद्यार्थिनी पुढे आल्या: अत्याचाराची तक्रार केली आणि ऑनर कोडची चौकशी आपल्याच मागे लागली. वाचताना पोटात कालवतं. ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ या युटातल्या वृत्तपत्रानं हे प्रकरण लावून धरलं आणि त्या वार्तांकनाला 2017 चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं. कोणी बोलू नये अशी योजना असो वा नसो, परिणाम तोच होता. ज्याला अत्याचार करायचा त्याला ठाऊक होतं की ही गप्प बसणार.

ऑक्टोबर 2016 मध्ये विद्यापीठाच्याच सल्लागार मंडळानं 23 शिफारशी केल्या आणि विद्यापीठानं त्या स्वीकारल्या. दोन्ही कार्यालयांच्या जागा वेगळ्या झाल्या. पीडितेची माहिती तिच्या संमतीशिवाय ऑनर कोड ऑफिसला द्यायची नाही असं ठरलं आणि माफीचं कलम आलं. मला यातलं सर्वांत मोलाचं हे कलमच वाटतं. प्रसंगाच्या वेळी किंवा त्याच्या आसपास घडलेल्या नियमभंगाबद्दल पीडितेला वा साक्षीदाराला शिक्षा होत नाही. कोणाच्या आरोग्याला किंवा सुरक्षेला धोका असेल तर मात्र अपवाद.

या माफीची हद्दही नीट समजून घ्यायला हवी. त्या प्रसंगाशी संबंध नसलेला जुना नियमभंग तक्रारीच्या ओघात बाहेर आला, तर त्याला पूर्ण माफी नाही. तिथं विद्यापीठ सहसा सौम्य धोरण ठेवतं, एवढंच.