साइड-बाय-साइडच्या तक्त्यातला एकेक रकाना आला कुठून?

नवीन साइड-बाय-साइड, म्हणजे दोघांनी शेजारी शेजारी बसून मोटारीसारखं स्टीअरिंग फिरवत डोंगर-मातीत चालवायची चारचाकी, बाजारात आली की दुसऱ्या दिवसापासून तुलनेचे तक्ते फिरायला लागतात, हिची पॉवर एवढी, तिची तेवढी, आणि सगळी भांडणं त्या एका आकड्यावर. माझं मत जरा वेगळं आहे. पॉवरचा रकाना त्या तक्त्यात सगळ्यात उशिरा महत्त्वाचा झाला आणि तोच सगळ्यात कमी सांगतो. रुंदी, दारं, ट्रान्समिशन हे जे कंटाळवाणे रकाने आपण भराभर खाली सरकवतो ना, त्यांच्यामागे खरी गोष्ट आहे.

सुरुवात तीन चाकांपासून. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत फुग्यासारखी मऊ टायर लावलेली तीनचाकी आणली, ती एटीसी म्हणून तुफान खपली आणि तेवढीच उलटलीही. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी कंपन्यांचा कोर्टात समझोता झाला आणि नव्या तीनचाकी विकणं थांबलं. तोपर्यंत सुझुकीने चारचाकी एटीव्ही, म्हणजे कच्च्या जमिनीवर चालणारी उघडी छोटी गाडी, आणलेली होतीच, पण बसायचं तसंच, घोड्यावर मांड टाकल्यासारखं, हातात हँडल, आणि वळणावर आपलंच अंग इकडून तिकडे टाकून तोल सांभाळायचा.

साधारण त्याच वर्षी कावासाकीने म्यूल आणली. म्यूल म्हणजे खेचर, आणि नावाप्रमाणेच कामाची गाडी, दोघं शेजारी शेजारी बसणार, मोटारीसारखं स्टीअरिंग, मागे सामानाला हौदा. १९९८ मध्ये पोलॅरिसची रेंजर आली, तीही शेतात आणि साइटवर राबणारी. मजा करायला कोणी या घेत नव्हतं. सस्पेन्शन जेमतेम, वेग त्याहून जेमतेम.

मग २००४ चं मॉडेल म्हणून यामाहाची ऱ्हायनो आली आणि चित्र बदललं. यामाहाच्याच ग्रिझली एटीव्हीचं ६६० सीसी इंजिन, छोटी आटोपशीर गाडी, दोन सीट, डोक्यावर लोखंडी नळ्यांची केज. लोकांना कळलं की अरे, शेजारी कोणीतरी बसवून डोंगरात जाता येतं. पण ऱ्हायनो अरुंद आणि उंच होती, रुंदी ५४.५ इंच. कलंडायला लागली की माणूस आपसूक पाय बाहेर टाकतो, जणू सायकल सांभाळतोय, आणि नेमका तोच पाय गाडीखाली सापडतो. म्हणून यामाहाने २००७ मध्ये फुकट दारं देऊ केली. मार्च २००९ मध्ये सुरक्षा आयोगाने जाहीर केलं की ऱ्हायनोच्या पन्नासहून जास्त घटना तपासल्या आणि त्यात ४६ मृत्यू होते, बरेचसे उलटण्याचे, आणि त्यातलेही कित्येक सपाट जमिनीवर, कमी वेगात वळताना. उपाय काय केला तर मागच्या चाकांना स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, लावून ती बाहेर काढली आणि मागच्या दोन चाकांना जोडणारा अँटी-स्वे बार काढून टाकला, म्हणजे वळणावर मागची बाजू अचानक सुटून गाडी आत घुसण्याऐवजी जरा बाहेर जात राहील. आज कुठल्याही गाडीत दार किंवा जाळी असते, सीट बेल्ट लावला नाही तर बऱ्याच गाड्या वेगच घेत नाहीत, लोक वैतागतात, पण त्याचं मूळ इथे आहे.

आता रुंदी. अमेरिकेच्या सरकारी जंगलांत कित्येक ट्रेल, म्हणजे जंगलवाटा, ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या गाड्यांनाच खुल्या असतात, काही ठिकाणी तर तोंडाशी खांब रोवून वाटच तेवढी ठेवलेली. ऱ्हायनो तिथे अडकायची. पोलॅरिसने २००७ मध्ये आरझेडआर ८०० काढली ती बरोबर ५० इंचांची, उंची कमी, इंजिन सीटच्या मागे. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वात हुशार निर्णय हाच, आणि तो पॉवरचा नव्हता, टेपने मोजायचा होता.

त्यानंतर मात्र शर्यत सस्पेन्शनची सुरू झाली. ऱ्हायनोचं चाक सातेक इंच वरखाली व्हायचं. २०१२ च्या आर्क्टिक कॅट वाइल्डकॅटमध्ये मागे १८ इंच, २०१७ च्या कॅन-ॲम मॅव्हरिक एक्स३ च्या वरच्या मॉडेलला २४. एवढं चाक हलवायचं तर त्याला गाडीशी जोडणारे सस्पेन्शनचे दांडे लांब पाहिजेत, दांडे लांब तर गाडी रुंद, म्हणून ५० ची ६४ झाली, ७२ झाली, २०२४ ची मॅव्हरिक आर जवळजवळ ७७. म्हणजे ज्या ट्रेलसाठी आरझेडआर जन्मली तिथे तिची मोठी भावंडं शिरूच शकत नाहीत. ६४ इंची आणि ७७ इंची गाडी एकाच तक्त्यात शेजारी ठेवली की मला हसू येतं, त्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कशा काय?

पॉवरचा हिशोब पटकन उरकतो. आरझेडआर एक्सपी १००० ला ११० हॉर्सपॉवर, एक्स३ ला टर्बो लावून १५४, २०२२ च्या आरझेडआर प्रो आरला दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि २२५, मॅव्हरिक आरला २४०. डकार या लांब पल्ल्याच्या खडतर रॅलीत २०१७ पासून यांचा वेगळा वर्ग झाला, पहिल्या वर्षी पोलॅरिस जिंकली, मग काही वर्षं कॅन-ॲमने कोणाला जवळ येऊ दिलं नाही, २०२४ ला पुन्हा पोलॅरिस.

आणि आता माझा लाडका रकाना, ट्रान्समिशन. बहुतेक गाड्यांत सीव्हीटी, म्हणजे दोन पुली आणि मध्ये रबरी ड्राइव्ह बेल्ट. स्नोमोबाइलमधूनच आलेली आयडिया, स्वस्त, हलकी, गिअर टाकायची कटकट नाही. पण वाळूत चढावर लो रेंज न लावता हायमध्येच रेटलं की बेल्ट घसरतो, तापतो, आधी जळक्या रबराचा वास आणि मग धाडकन आवाज. मग कव्हरचे बोल्ट काढा, आतलं सगळं हात भाजेल इतकं तापलेलं, आणि पुलीभोवती गुंडाळलेले बेल्टचे दोरे पक्कडीने एकेक उपटत बसा, एक जरी राहिला तरी नवा बेल्ट जातो.

याच वैतागातून यामाहाने २०१६ चं मॉडेल म्हणून वायएक्सझेड आणली, तीन सिलिंडर, पाच गिअर, खरोखरचा क्लच पेडल. चालवायला भन्नाट, पण दगडांत हळूहळू सरकायचं तर डावा पाय कामाला लागतो, म्हणून वर्षभरात क्लच पेडल नसलेली, स्टीअरिंगजवळच्या पॅडलने बोटांनी गिअर बदलायची आवृत्ती काढावी लागली. होंडाने २०१९ च्या टॅलनमध्ये सहा गिअरचं ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचनी गिअर आपोआप बदलणारं ट्रान्समिशन, दिलं, टर्बो नाही म्हणून तक्त्यात बिचारी तळाला दिसते, पण बेल्टच नाही तर तुटणार काय. आणि गंमत म्हणजे वर्षानुवर्षं बेल्टवर चालणाऱ्या कॅन-ॲमनेही मॅव्हरिक आरला सात गिअरचं ड्युअल क्लचच बसवलं. समोर प्रो आर उभी आहे ती अजून बेल्टवरच, आणि तिचे मालक एक जास्तीचा बेल्ट बरोबर ठेवूनच निघतात.