एममॅप: आधी नोंद, मग पान

लिनक्समध्ये १ जीबीची फाईल एममॅपने (फाईल मेमरीसारखी वापरू देणारा सिस्टिम कॉल) प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, ॲड्रेस स्पेसमध्ये (त्याच्या मेमरी-पत्त्यांच्या पट्ट्यात) जोडा. कॉल क्षणात परत येतो. कारण तेव्हा डिस्कवरून सहसा काहीच वाचलं जात नाही. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) फक्त नोंद करतो: या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत ही फाईल, अमुक ऑफसेटपासून, नुसती वाचायची की लिहायचीही. या नोंदीला व्हीएमए (व्हर्च्युअल मेमरी एरिया) म्हणतात. सातबाऱ्यावर नाव चढलंय, नांगर अजून लागायचाय.

तो लागतो पहिल्या वाचनाला. सीपीयू पेज टेबल तपासतो (कुठला पत्ता रॅममध्ये कुठे आहे याचा तक्ता; नेहमीच्या ६४-बिट पीसीवर चार पातळ्या, दर टेबलात ५१२ नोंदी), जोडणी सापडत नाही, पेज फॉल्ट होतो, म्हणजे सूचना अडते आणि काम कर्नलकडे जातं. कर्नल व्हीएमए शोधतो, ४,०९६ बाइटचं ते पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) पेज कॅशमध्ये (फाईलच्या पानांचा रॅममधला साठा) नसेल तर डिस्कवरून आणतो, टेबलात नोंद भरतो आणि अडलेली सूचना पुन्हा चालू देतो. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

गोची इथेच आहे. काम पुढे ढकललं की चुकाही पुढे ढकलल्या जातात. रीड कॉलमध्ये (फाईल वाचायची नेहमीची पद्धत) डिस्क बिघडली तर एरर कोड मिळतो. इथे साध्या पॉइंटर वाचण्यावर सिगबस (मेमरीच्या वापरात चूक झाल्याचा सिग्नल) येतो आणि प्रोसेस मरते.

१०,००० बाइटची फाईल घ्या. तिला तीन पानं लागतात, म्हणजे १२,२८८ बाइट. शेवटच्या पानातले उरलेले २,२८८ बाइट शून्य दिसतात. तिथे लिहिलं तर तक्रार येत नाही, पण ते फाईलमध्ये जातही नाही. मॅपिंग १६,३८४ बाइटचं केलं असेल तर तेही बिनतक्रार होतं, मात्र चौथ्या पानाला हात लावताच सिगबस. दुसऱ्या प्रोसेसने मध्येच फाईल छाटली तरी हेच. म्हणून लिहायचं असेल तर आधी एफट्रंकेटने (फाईलची लांबी बदलणारा कॉल) फाईल वाढवा, मग मॅप करा. ऑफसेट पानाच्या पटीत नसेल तर मात्र कॉल तिथल्या तिथे नाकारला जातो, हे बरं.

मॅप_फिक्स्ड (सांगितलेल्याच पत्त्यावर जोडायला लावणारा एममॅपचा पर्याय) जपून वापरा: त्या पत्त्यावर आधीचं मॅपिंग असेल तर ते गुपचूप पुसलं जातं, मग ती एखादी लायब्ररी का असेना. लिनक्सच्या ४.१७ आवृत्तीपासून मॅप_फिक्स्ड_नोरिप्लेस आहे, ते अशा वेळी सरळ एरर देतं.

आणि रॅम मोकळी असूनही ‘मेमरी नाही’ असं उत्तर आलं, तर मॅपिंगची संख्या मोजा. मूळ मर्यादा ६५,५३० आहे, आणि सलग भागातल्या मधल्याच पानाची परवानगी बदलली की एका नोंदीच्या तीन होतात.