सिंगापूर बंदराचा आरंभीचा कारभार (१८१९–१८२६)

६ फेब्रुवारी १८१९ रोजी सुलतान हुसेन व तेमेंगाँग (स्थानिक मलय सरदार) अब्दुल रहमान यांच्याशी करार करून ईस्ट इंडिया कंपनीने सिंगापूर नदीच्या मुखाशी वखार घातली. कंपनीच्या वतीने करार करणारा स्टॅमफर्ड रॅफल्स लगेच निघून गेला. बंदर खऱ्या अर्थाने उभे केले ते पहिला रेसिडेंट (कंपनीचा तिथला प्रमुख अधिकारी) विल्यम फार्कर याने. रॅफल्सचा मुक्काम सुमात्रातील बेंकूलनला आणि वरिष्ठ सरकार कलकत्त्यात असल्याने पत्रोत्तरांत आठवडेच्या आठवडे जात. बहुतेक निर्णय फार्करला स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागले.

बंदर जकातमुक्त होते. ईशान्य मोसमी वाऱ्यांवर चीनची जंक गलबते येत, वर्षाच्या उत्तरार्धात सुलावेसीकडचे बुगी व्यापारी. जहाजांवर देखरेख मास्टर अटेंडंटची. आधी फार्करचा जावई फ्रान्सिस बर्नार्ड या पदावर होता, १८२० पासून रॅफल्सचा मेहुणा विल्यम फ्लिंट. जहाजांना पडाव (मालाची चढउतार करणाऱ्या होड्या) भाड्याने पुरवण्याचा किफायतशीर धंदा फ्लिंटने आपल्या हाती ठेवला आणि फार्करशी त्याचे खटके उडत राहिले.

नदीचा दक्षिण काठ दलदलीचा, म्हणून फार्करने सरकारसाठी राखलेल्या उत्तर काठावर व्यापाऱ्यांना गोदामे बांधू दिली. १८२२ मध्ये परतलेल्या रॅफल्सला हे मुळीच रुचले नाही. त्याने जवळची टेकडी फोडून तिच्या मातीने दलदल बुजवली आणि व्यापारी पेठ पलीकडे हलवली.

जकात नाही, मग पोलिसांचा आणि कचेरीचा खर्च कोण देणार? १८२० मध्ये फार्करने अफू, अरक (दारू) व जुगार यांचे मक्ते दिले. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि ती गिऱ्हाइकांकडून वसूल करी. जहाजमालक करमुक्त राहिला. दिवसभर ओझी वाहून रात्री अफू ओढणारा चिनी हमाल बंदराचा खर्च उचलू लागला. मुक्त व्यापाराच्या गौरवगाथेत ही गोष्ट ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

रॅफल्सचा या मक्त्यांना विरोध होता. १८२३ मध्ये त्याने जुगारावर बंदी घातली आणि फार्करलाही पदावरून दूर केले. पण त्याच वर्षी नवा रेसिडेंट म्हणून आलेल्या जॉन क्रॉफर्डने, पैशाची निकड पाहून, जुगाराचे परवाने पुन्हा सुरू केले. ते १८२९ मध्ये बंद झाले. अफूचा मक्ता मात्र १९१० मध्ये सरकारने विक्री स्वतःकडे घेईपर्यंत चालू होता.